उसन्या हिवाळ्याचा ठेका

मार्सेलाच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच होती. कार्डिफमधल्या त्या गल्लीत सगळीच घरं एकमेकांना चिकटून उभी होती आणि भिंती इतक्या पातळ, की पलीकडे कुणी शिंकलं तर माझी आई इकडून सवयीने ‘ब्लेस यू’ म्हणायची. ती हॉस्पिटलात नर्स होती, शिंक ऐकून गप्प बसणं तिला जमत नसे. रविवारी सकाळी आमच्याकडे आधी बुद्धवंदना व्हायची आणि मग पप्पा खुंटीवरची ढोलकी काढून तिच्या कड्या सारून सूर लावायला बसायचे. ती माणसं शेजारी राहायला आली त्या पहिल्या रविवारी पप्पांची थाप पडली आणि पलीकडून कुणीतरी भिंतीवर चमच्याने ठोकायला लागलं. तक्रार समजून पप्पांनी ढोलकी खाली ठेवली, तर ठोकणं वाढलं. मार्सेलाची आई साथ देत होती.

ते चिलीचे. तिथे लष्कराने सत्ता घेतल्यावर पळून आलेले. मार्सेलाचे वडील एर्नेस्तो तिकडे शाळेत इतिहास शिकवत आणि इथे बिस्किटांच्या कारखान्यात पाळी करत. पप्पांनी अशा निर्वासितांबद्दल पेपरात वाचलं होतं. पहिल्याच आठवड्यात ते सुकटीची चटणी आणि भाकरी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले आणि परत आल्यावर आईला म्हणाले, “आपलीच माणसं आहेत गं. ओन्ली डिफरन्स, त्यांना विमानात बसवून हाकललं.” पलीकडून ताट रिकामं आलं नाही. त्यात एम्पनादा होत्या, म्हणजे बीफच्या खिम्याच्या करंज्याच म्हणा, आत अंड्याची फोड आणि एक ऑलिव्ह. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळातल्या काही बायका आमच्या घरी आल्या की आधी आडनाव चाचपायच्या, मग ताटातलं काय ते हळूच विचारायच्या आणि शेवटी नुसतं पाणी पिऊन जायच्या. मार्सेलाच्या घरचं कुणी काही विचारत नसे. ते फक्त खात. पप्पांना त्या माणसांचा जो लळा लागला तो यामुळे, असं मला आज वाटतं. जेवताना प्रश्न न विचारणारी माणसं त्यांनी आयुष्यात फार थोडी पाहिली होती.

पप्पा मुंबईत नायगावला असताना एका गायन पार्टीत ढोलकी वाजवत. इथे लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी लागल्यावर त्यांनी ढोलकी मांडीवर घेऊन विमानप्रवास केला. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही कम्युनिटी हॉल भाड्याने घ्यायचो, लांबलांबून माणसं यायची आणि पप्पा स्वतः रचलेली गीतं गायचे. त्यांच्या मागे मी वाजवायचे, फ्रॉक घालायच्या वयापासून. मुलगी ढोलकी वाजवते म्हणून काहींनी नाकं मुरडली, त्यांना पप्पांनी स्टेजवरूनच झापलं. त्यांचा एक नियम होता आणि तो घरात धर्मासारखा पाळला जायचा. शिकायला आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. “आपल्याला किती पिढ्या दारातनं परत पाठवलंय,” ते म्हणत, “ते आपण कुणाशी करायचं नाही.” त्यामुळे आमच्या फ्रंट रूममध्ये कोण कोण येऊन ढोलकी बडवून गेलं, विचारू नका. पोस्टमन आला, चर्चमधला एक जाडा पाद्री आला, एक बाई तर दोन वर्षं येत होती आणि तिला शेवटपर्यंत धड थाप मारता आली नाही. आई स्वयंपाकघरात दार लावून बसायची. पप्पा कुणावर एकदाही चिडले नाहीत. चिडायचे ते फक्त माझ्यावर, कारण मला येत होतं.

मार्सेला माझ्याच वर्गात होती. आमच्या मैत्रीबद्दल नंतर ती एकदोन मुलाखतींतून फार सुंदर बोलली आहे, पण खरं सांगायचं तर वर्गात आम्हा दोघींच्या शेजारी बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मला ‘करी’ म्हणत आणि तिला काय म्हणावं हे न कळून तिलाही ‘करी’च म्हणत. ती त्यावर फार चिडायची. मी चिडायचे नाही, याचंही तिला आश्चर्य वाटायचं. ती गाणी लिहायची, स्पॅनिशमध्ये, त्या शाळेत एकाही माणसाला कळणार नाहीत अशी. निर्वासित कुटुंबांतली आणखी दोन पोरं गिटार आणि बेस वाजवत. खाण कामगारांच्या क्लबने एक जुना ड्रमसेट देऊ केला आणि वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून मी. बँडचं नाव तिने ठेवलं ‘इन्विएर्नो प्रेस्तादो’. उसना हिवाळा. चिलीत जून-जुलैला थंडी पडते. हा डिसेंबरचा हिवाळा आमचा नव्हे, कुणाकडून तरी घेतलेला आहे, असं तिचं म्हणणं. मला ते नाव फार आवडलं. माझाही हिवाळा उसनाच होता, पण ते कुणी विचारलं नाही.

पहिल्या गाण्याला मी सरळ रॉकचा ठोका धरला तेव्हा मार्सेला मध्येच थांबली. “हे सगळेच वाजवतात,” ती म्हणाली. “तू भिंतीपलीकडे जे वाजवतेस ना, ते वाजव.” मग मी जयंतीच्या गाण्याचा ठेका ड्रमवर काढला. ढोलकीच्या धुमेचं, म्हणजे घुमणाऱ्या बाजूचं, काम पायाला आणि मोठ्या ड्रमला दिलं, चाटीचं, म्हणजे टणक वाजणाऱ्या बाजूचं, काम ड्रमच्या काठाला. गायन पार्टीत मुख्य गायक ओळ म्हणतो, मागचे कोरसवाले ती उचलतात, आणि उचलण्याआधी सगळे मिळून श्वास घेतात. ढोलकीवाला तेवढ्यापुरता थांबतो. हे मला आज सांगता येतं, तेव्हा फक्त हाताला माहीत होतं. ती थांबायची जागा मोजता येत नाही, आणि त्यानंतर पडणारी धूम पोटात जाऊन बसते. रॉकमध्ये असं कुणी थांबत नाही. मार्सेलाने त्या थांब्यात एक शब्द टाकला आणि बेसवाला पोरगा ‘मादरे मिया’, म्हणजे आई गं, म्हणून खाली बसला. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी जगात कुठेतरी नेमकी बसले आहे.

मग आम्ही चाललो. आधी चिलीसाठी निधी गोळा करायच्या सभांमध्ये, मग कॉलेजांत, मग लंडनला. समोर बायका-पुरुष हमसून रडायचे आणि मागे बसून मी वाजवायचे. स्पॅनिश मी शिकले, नुसतं कोरसपुरतं नाही, भांडण्याइतकं. आमच्या पहिल्या कॅसेटच्या प्रती कुणाच्या मोज्यांतून, कुणाच्या बाळाच्या दुपट्यातून चिलीत गेल्या आणि तिथल्या पोरांनी खिडक्या लावून त्यांच्या आणखी प्रती काढल्या. पुढे एका छोट्या कंपनीने रेकॉर्ड काढली. तिच्या कव्हरवर मी होते, मागे, झांजेआड अर्धा चेहरा. पप्पांनी ती रेकॉर्ड बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवली. आई म्हणायची, “वाजवून पोट भरणारेय का हिचं?” पण ड्यूटीवरच्या नर्सेसना तिने एकेक कॅसेट विकत घ्यायला लावली होती, हे मला फार उशिरा कळलं.

या बँडबद्दल आता पुस्तकं आहेत. सान्तियागोतल्या एका चौकात त्यांचं भिंतभर चित्र आहे. मेक्सिकोतले, अर्जेंटिनातले, स्पेनमधले बँड सांगतात की आम्ही वाजवायला लागलो ते ‘इन्विएर्नो’मुळे, आणि त्या थांब्याच्या ठेक्याला तिकडे ‘कार्डिफचा ठोका’ म्हणतात. माझी नात वॉटफर्डला असते, शाळेत ड्रम शिकते. मागच्या महिन्यात तिने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. “आजी, हे बीट खूप फेमस आहे. चिलीमधून आलं आहे. सुपर डिफिकल्ट. तुला नाही जमणार, बट लुक.” मी पाहिलं. एक दाढीवाला माणूस तो थांबा आकड्यांत मोजून शिकवत होता आणि अर्थातच चुकत होता. “जमणार नाही खरं,” मी म्हटलं. तिला सांगून काय होणार होतं? मार्सेलाच्या आत्मवृत्तात माझ्यावर एक वाक्य आहे. शेजारी एक भारतीय कुटुंब राहायचं, मुलगी गोड होती आणि आईच्या हातची मासळी अप्रतिम. पुस्तक चारशे पानांचं आहे. निको मात्र प्रत्येक प्रकरणात आहे.

निको म्हणजे मार्सेलाचा चुलतभाऊ. चिलीत लोक पुन्हा रस्त्यावर उतरायला लागले, लष्कराचे दिवस भरत आले आणि निर्वासितांना परत यायची परवानगी मिळू लागली, तेव्हा तो सान्तियागोहून आला. बँडला तिकडून बोलावणं होतं. स्टेडियममध्ये, हजारो माणसांसमोर. आम्ही सगळे वेडे झालो होतो. मी तर मनातल्या मनात बॅग भरून बसले होते आणि चिलीत ऑगस्टमध्ये किती थंडी असते हे लायब्ररीत जाऊन वाचून आले होते. एका रविवारी ते सगळे आमच्याकडे जेवायला आले. आईने बोंबलाचा रस्सा केला होता. निकोने तीनदा वाढून घेतला. जेवण झाल्यावर एर्नेस्तोंनी रुमालाने मिशा पुसल्या आणि इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. मी ते इथे मराठीत लिहिते, पण ते याहून गोड होतं.

“वैशाली, तू आम्हाला मुलीसारखी आहेस. म्हणून स्पष्ट बोलतो. इतक्या वर्षांनी आमची मुलं घरी परत चालली आहेत. स्टेडियमभर माणसं रडणार आहेत. अशा वेळी त्यांनी स्टेजवर तुला पाहिलं तर ते विचारतील, ही कोण? रडणाऱ्या माणसाला मध्येच प्रश्न पडता कामा नये. तुला समजतंय ना?”

मला समजत नव्हतं. मी मार्सेलाकडे पाहिलं. ती बोटाला लागलेला रस्सा चाटत होती, अगदी मन लावून.

“निको ड्रम वाजवतो,” ती बोटाकडेच बघत म्हणाली. “चांगला वाजवतो. फक्त तुझा तो थांबा त्याला येत नाही. तू शिकवशील ना? जायला महिना आहे.”

गिटारवाला पोरगा ताटलीत काटा फिरवत बसला. मला तोंडात शब्द जुळवायलाही वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात पप्पा म्हणाले, “शिकवेल की. ऑफ कोर्स शिकवेल.”

त्या रात्री मी पप्पांशी बोलले नाही. आईने माझी बाजू घेतली, तिच्या पद्धतीने. “बरं झालं,” ती म्हणाली. “लईच उंच गेलं होतं नाक. आता नर्सिंगचा फॉर्म भर.” मग माझ्या उशाशी येऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी रडले असं कुणाला वाटेल, पण मला नुसता राग येत होता. एर्नेस्तोंचा नाही, निकोचा नाही. ज्या माणसाने मला स्टेजवर बसवण्यासाठी हॉलभर लोकांना झापलं होतं, त्याने मला उतरवताना एका वाक्याचाही विचार केला नव्हता. चमत्कारिक गोष्ट म्हणजे त्याच्याकडे कारण होतं, आणि ते कारण मलाच लहानपणापासून पाठ करून घेतलेलं होतं.

मग मी निकोला शिकवलं. रोज संध्याकाळी ड्रमसेट आमच्या फ्रंट रूममध्ये मांडायचा, सोफा भिंतीला लावायचा. कुणी म्हणेल मी मुद्दाम चुकीचं शिकवलं असेल. नाही. माझ्या हातून चुकीचं वाजतच नाही, आणि दुसऱ्याचं चुकीचं ऐकलं की माझे दात शिवशिवतात. मी त्याला पायाचा ठोका दाखवला, काठाचा दाखवला, थांबा कागदावर आकड्यांनी काढून दाखवला. निको वाईट मुलगा नव्हता. देखणा होता, मेहनती होता आणि फारच आभारी होता. प्रत्येक चुकीनंतर सॉरी म्हणायचा. पण तो मोजायचा. मोजून थांबायचा, मोजून सुटायचा, आणि ते दारावरच्या घंटीसारखं वाजायचं. आठवडे गेले तरी ते येईना. मार्सेला येऊन दारात उभी राहायची, ऐकायची आणि निघून जायची. तिच्या तोंडावरची काळजी वाढत गेली तसतसं माझं जेवण वाढत गेलं. मी आईला पोळ्या मागून घ्यायला लागले.

शेवटच्या रविवारी सगळे पुन्हा आमच्याकडे जमले. दोन दिवसांनी विमान होतं. निकोने गाणं सुरू केलं, मार्सेलाने तोंड उघडलं, थांबा आला आणि फसला. पुन्हा. पुन्हा. निकोचा शर्ट पाठीला चिकटला होता. मार्सेला अचानक खिडकीकडे वळली. बेसवाला पोरगा स्पॅनिशमध्ये म्हणाला की हे असं नेऊन तिकडे तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि मला कळतंय हे त्याला माहीत होतं. मला ऐकवायलाच तो म्हणाला. मग एर्नेस्तो उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात पप्पा हातात टॉवेल घेऊन उभे होते, त्यांना त्यांनी विचारलं, “तिचा पासपोर्ट व्हॅलिड आहे ना?”

मला आजही तो क्षण आठवला की हाताचे तळवे गरम होतात. मार्सेला खिडकीपासून वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत प्रेम नव्हतं, गरज होती. मला ती पुरेशी होती. मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा.

“वन मिनिट,” पप्पा म्हणाले. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, निकोच्या शेजारी स्टूल ओढलं आणि त्याच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या. “नो काउंटिंग. तू मोजतोस ना, तिथेच गडबड आहे. सिंग. वाजवू नको, नुसतं गा माझ्याबरोबर.” आणि त्यांनी स्वतःच्या एका जयंतीच्या गीताची ओळ घेतली. निकोने ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हटली. पप्पांनी पुन्हा म्हटली. तिसऱ्या की चौथ्या वेळी ओळ उचलण्याआधी पप्पांनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “हिअर. इथे सगळे श्वास घेतात. यू ब्रीद विथ देम.” मी हे निकोला सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. मी त्या ओळी मनात गात वाजवते हे मला कधी कळलंच नव्हतं. ते पप्पांना माहीत होतं, कारण शिकवलं त्यांनीच होतं. निकोने काठ्या घेतल्या. ओठांतल्या ओठांत मराठी म्हणत त्याने ठेका धरला. थांबा आला. खोलीतल्या सगळ्यांनी नकळत श्वास घेतला, मीसुद्धा. आणि धूम पडली, नेमकी, पोटात.

मार्सेला किंचाळली. पोरांनी निकोला उचललं, एर्नेस्तोंनी पप्पांना मिठी मारली, तिच्या आईने माझ्या आईला. पप्पा हसत होते. जयंतीचा हॉल उठून उभा राहिल्यावर हसत तसे, डोळे भरून. आईने घाईघाईने खीर गरम करायला ठेवली. कुणीतरी माझ्याही हातात वाटी दिली. मार्सेला जाताना माझ्या गालाला गाल लावून म्हणाली, “तुझ्यामुळे झालं.” मग सगळे गेले. स्टेडियमचं व्हायचं ते झालं, माणसं रडली, कुणालाही प्रश्न पडला नाही.

ते गेल्यावर पप्पा सिंकपाशी उभे राहून ताटं धूत होते. रविवारची ताटं तेच धूत. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मी पुसायला फडकं घेऊन शेजारी उभी राहिले.

“पप्पा, त्याला आलं नसतं तर मला नेलं असतं.”

“माहितेय.”

“पासपोर्टचं ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं की. व्हॅलिड आहे तुझा. मीच रिन्यू केलाय.”

“मग तुम्ही उठलात कशाला?”

त्यांनी एक ताट माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेतलं. “माझ्या घरात बसलेला पोरगा आणि त्याला येत नाहीये, वैशू. मी काय बघत बसू? आणि दुसऱ्याला येत नाही म्हणून मिळालेली जागा, तसली जागा आपल्याला कशाला पाहिजे?”

“मला पाहिजे होती,” मी म्हटलं. “तसलीच पाहिजे होती.”

“मग बोलायचंस तसं.”

“मला कुणी विचारलं, पप्पा?”

पप्पांनी नळ बंद केला. हॉलभर माणसांसमोर हा माणूस कागदाशिवाय तासभर बोलायचा, कुणी आडवा प्रश्न विचारला तर त्याला तिथल्या तिथे गप्प करायचा. आत्ता त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसले, एकेक बोट पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “चहा टाकू का तुला?”

त्या अख्ख्या महिन्यात त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी नको म्हटलं.